जर्मनीतली सुट्टी: तारखेआधी गाव विचारा

३१ ऑक्टोबर आठवड्याच्या मधल्या वारी आला की पॉट्सडॅममधली दुकानं बंद असतात आणि लागूनच असलेल्या बर्लिनमध्ये सगळं नेहमीसारखं चालू असतं. पॉट्सडॅमकर एस-बान (शहराची लोकल) पकडून खरेदीला बर्लिन गाठतात. ८ मार्चला बरोबर उलट: बर्लिन बंद, पॉट्सडॅम चालू. हद्दीवरची पाटी ओलांडली की सुट्टी बदलते. त्यामुळे जर्मनीत नुसतं 'सुट्टी कधी?' विचारून भागत नाही, 'कुठल्या गावची?' हे आधी विचारावं लागतं.

त्यात आपली मराठी आणखी गोंधळ घालते. सरकारी सुट्टी, शाळेची सुट्टी आणि ऑफिसातून काढलेली रजा, तिन्हींना आपण सर्रास सुट्टीच म्हणतो. जर्मनमध्ये यांचे तीन वेगळे शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कायद्याने सगळ्यांना मिळते ती 'फायरटाग'. शाळेची ती 'फेरिएन'. आणि तुमच्या खात्यातून वजा होते ती 'उर्लाउब', म्हणजे रजा. 'सोमवारी फेरिएन आहे का?' असं ऑफिसात विचारलंत, तर समोरचा माणूस तुमची मुलं कितवीत आहेत असं विचारेल.

नऊ देशभर, बाकी राज्याच्या

देशभर सारख्या सुट्ट्या नऊच आहेत. पाचांची तारीख ठरलेली: १ जानेवारी, १ मे (कामगार दिन), ३ ऑक्टोबर (जर्मन एकीकरण दिन), २५ आणि २६ डिसेंबर. उरलेल्या चार ईस्टरबरोबर सरकतात: कारफ्रायटाग म्हणजे गुड फ्रायडे, ओस्टरमोंटाग म्हणजे ईस्टरचा सोमवार, क्रिस्टी हिमेलफार्ट म्हणजे ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा दिवस आणि फिंग्स्टमोंटाग म्हणजे पेंटेकॉस्टचा सोमवार.

गंमत म्हणजे या नऊपैकी फक्त ३ ऑक्टोबर ही केंद्राच्या पातळीवर, १९९० च्या एकीकरण करारात ठरलेली आहे. बाकी आठ देशभर आहेत त्या सोळाही राज्यांनी आपापल्या कायद्यात त्या घातल्या म्हणून. सुट्टी हा राज्याचा विषय आहे, हे एकदा डोक्यात बसलं की पुढची अर्धी गुंतागुंत सुटते.

ईस्टरचं गणित एकदा शिकून घ्यावं. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो. तो रविवार शून्य धरा. दोन दिवस आधी कारफ्रायटाग, एक दिवसाने ओस्टरमोंटाग, ३९ दिवसांनी हिमेलफार्ट (वार कायम गुरुवार), ५० दिवसांनी फिंग्स्टमोंटाग आणि ६० दिवसांनी फ्रोनलाइखनाम, म्हणजे कॅथलिकांचा कॉर्पस क्रिस्टी सण (पुन्हा गुरुवार, पण सगळ्या राज्यांत नाही). २०२७ साली ईस्टर २८ मार्चला आहे. म्हणजे कारफ्रायटाग २६ मार्च, ओस्टरमोंटाग २९ मार्च, हिमेलफार्ट ६ मे, फिंग्स्टमोंटाग १७ मे, फ्रोनलाइखनाम २७ मे.

सुट्टी शनिवार-रविवारी आली तर ती गेली. बदली सोमवार वगैरे काही मिळत नाही. २०२७ या बाबतीत फारच कंजूष वर्ष आहे: १ मे शनिवारी, ३ ऑक्टोबर रविवारी, २५ डिसेंबर शनिवारी, २६ डिसेंबर रविवारी. नऊपैकी चार सुट्ट्या एका फटक्यात बुडाल्या.

आता राज्यांच्या जादा सुट्ट्या, वर्षाच्या क्रमाने:

- ६ जानेवारी, तीन राजांचा सण: बायर्न (बव्हेरिया), बाडेन-व्युर्टेंबर्ग, जाक्सन-आनहाल्ट.
- ८ मार्च, महिला दिन: बर्लिन (२०१९ पासून), मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न (२०२३ पासून).
- फ्रोनलाइखनाम: बायर्न, बाडेन-व्युर्टेंबर्ग, हेसेन, नोर्डऱ्हाइन-वेस्टफालन, ऱ्हाइनलांड-फाल्ट्स, जारलांड.
- १५ ऑगस्ट, मारिया हिमेलफार्ट (मेरीचं स्वर्गारोहण): जारलांड आणि बायर्नचा बराचसा भाग.
- २० सप्टेंबर, जागतिक बालदिन: फक्त थ्युरिंगेन (२०१९ पासून).
- ३१ ऑक्टोबर, धर्मसुधारणा दिन: पूर्वेकडची ब्रांडेनबुर्ग, मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न, जाक्सन, जाक्सन-आनहाल्ट, थ्युरिंगेन, २०१८ पासून उत्तरेकडची हांबुर्ग, ब्रेमेन, नीडरजाक्सन, श्लेस्विग-होल्श्टाइन.
- १ नोव्हेंबर, सर्व संतांचा दिवस: बायर्न, बाडेन-व्युर्टेंबर्ग, नोर्डऱ्हाइन-वेस्टफालन, ऱ्हाइनलांड-फाल्ट्स, जारलांड.
- २३ नोव्हेंबरच्या आधीचा बुधवार, बुस-उंड-बेटटाग (पश्चात्ताप आणि प्रार्थनेचा दिवस): फक्त जाक्सन.

यादी नीट पाहिली तर नकाशा दिसतो. दक्षिण आणि पश्चिम जुनी कॅथलिक, म्हणून १ नोव्हेंबर. उत्तर आणि पूर्व प्रोटेस्टंट, म्हणून ३१ ऑक्टोबर. या दोन्ही सुट्ट्या असलेलं एकही राज्य नाही आणि बर्लिन व हेसेन यांना दोन्ही नाहीत. २०१७ साली ३१ ऑक्टोबर देशभर सुट्टी होती, पण ती धर्मसुधारणेच्या पाचशेव्या वर्षापुरतीच. त्या वर्षीची जुनी यादी कुठे हाती लागली तर फसू नका.

गावापुरत्या सुट्ट्या

राज्य कळलं म्हणजे संपलं असं नाही. बायर्नमध्ये १५ ऑगस्टची सुट्टी गावागावावर ठरते. ज्या गावात किंवा शहरात प्रोटेस्टंट रहिवाशांपेक्षा कॅथलिक जास्त, तिथे सुट्टी. नसेल तिथे काम. मोजणी जनगणनेच्या आकड्यांवर होते आणि गावांची यादी राज्याचं सांख्यिकी कार्यालय जाहीर करतं. सुमारे दोन हजार गावांपैकी सतराशेच्या आसपास गावांना सुट्टी मिळते. म्युनिकला आहे, न्युर्नबर्गला नाही. नवी जनगणना झाली की काही गावं यादीत येतात, काही बाहेर पडतात.

आउग्सबुर्ग शहराला ८ ऑगस्टला स्वतःची वेगळी सुट्टी आहे, शांतता उत्सवाची. उत्सव १६५० पासूनचा, कायदेशीर सुट्टी १९५० पासूनची, आणि ती फक्त शहराच्या हद्दीत. हद्दीबाहेरच्या पुढच्याच गावात दुकानं उघडी. आउग्सबुर्गकरांना वर्षाला चौदा सुट्ट्या मिळतात, देशात सगळ्यांत जास्त. बर्लिन, हांबुर्ग, हेसेन यांना दहा.

फ्रोनलाइखनाम जाक्सन आणि थ्युरिंगेनमध्येही मोजक्या कॅथलिक गावांत पाळला जातो: जाक्सनमध्ये बाउट्सन जिल्ह्यातली सोर्ब या स्लाव्ह अल्पसंख्याक लोकांची काही गावं, थ्युरिंगेनमध्ये मुख्यतः आइक्सफेल्ड. तिथे नोकरी असेल तर ऑफिसच सांगेल, पण ड्रेस्डेन किंवा एरफुर्टमध्ये राहून ही सुट्टी गृहीत धरू नका.

बुस-उंड-बेटटागची कथा पगाराच्या स्लिपवर दिसते. १९९५ साली शुश्रूषा विमा (दीर्घकाळ देखभाल लागली तर त्या खर्चाचा विमा) सुरू झाला तेव्हा मालकवर्गाच्या खर्चाची भरपाई म्हणून ही सुट्टी जवळजवळ सगळीकडे रद्द झाली. जाक्सनने ती ठेवली आणि त्याबदल्यात कर्मचाऱ्याचा हप्ता वाढवला. आजही लाइप्झिग किंवा ड्रेस्डेनमध्ये नोकरी करणाऱ्याच्या पगारातून या विम्यासाठी इतर राज्यांपेक्षा अर्धा टक्का जास्त कापला जातो. बदली होऊन जाक्सनमध्ये आलात आणि हातात येणारा पगार किंचित कमी दिसला, तर त्याचं एक कारण हे. बायर्नमध्ये त्याच बुधवारी शाळा बंद असतात पण आईवडिलांना काम असतं. मुलं लहान असतील तर हा दिवस ऑगस्टमध्येच लिहून ठेवावा.

उलट प्रकारही आहे: कायद्याने सुट्टी नाही, पण गाव बंद. कोलोन, ड्युसेलडॉर्फ आणि माइन्त्समध्ये कार्निव्हलचा रोजनमोंटाग (ईस्टरच्या ४८ दिवस आधीचा सोमवार) कुठल्याच कायद्यात नाही. तरी त्या दिवशी तिथल्या सरकारी कचेऱ्या, बऱ्याच कंपन्या आणि मधल्या भागातली दुकानं बंद असतात. त्या सोमवारी कोलोनमध्ये कुठल्या कचेरीची भेट ठरवायची नाही, एवढं पुरे.

स्वतःचं कॅलेंडर असं बांधा

फोनमधलं 'जर्मनीतल्या सुट्ट्या' हे तयार कॅलेंडर बऱ्याचदा सगळ्या राज्यांच्या सुट्ट्या एकत्र दाखवतं आणि वर मदर्स डे, हॅलोविनसारखे दिवसही त्यात मिसळतं. नव्या माणसाचा पहिला घोटाळा इथेच होतो. ते बंद करा आणि हे करा:

१. नोकरीच्या करारात कामाचं ठिकाण काय लिहिलंय ते पाहा. नुसतं शहर नाही, राज्यही लिहून घ्या. नॉय-उल्म बायर्नमध्ये आहे, नदीपलीकडचं उल्म बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये. माइन्त्स ऱ्हाइनलांड-फाल्ट्समध्ये, ऱ्हाइन नदीपलीकडचं वीसबाडेन हेसेनमध्ये.

२. त्या राज्याच्या गृहखात्याच्या किंवा राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून त्या वर्षाची यादी घ्या. 'गेझेट्सलिशे फायरटागे' म्हणजे कायदेशीर सुट्ट्या, हे शब्द शोधा. नुसते स्मरणदिन वेगळे असतात, त्यांना सुट्टी नसते.

३. घर दुसऱ्या राज्यात असेल तर त्या राज्याची यादी वेगळ्या रंगात घाला. दुकानं, कचरा, मुलांची शाळा या गोष्टी घराच्या गावावर चालतात. तुमचं काम ऑफिसच्या गावावर.

४. शाळेच्या फेरिएन तिसऱ्या रंगात. प्रत्येक राज्याच्या तारखा वेगळ्या असतात आणि उन्हाळी सुट्टी मुद्दाम मागेपुढे ठेवलेली असते, म्हणजे सगळा देश एकाच शनिवारी महामार्गावर येत नाही. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग यांची सुट्टी सगळ्यांत शेवटी लागते.

५. नगरपालिकेच्या संकेतस्थळावर कचऱ्याचं कॅलेंडर, 'आबफालकालेंडर', तुमच्या रस्त्याचं नाव घालून मिळतं. बहुतेक ठिकाणी ते फोनच्या कॅलेंडरात थेट घेता येतं.

हे काम नोव्हेंबरमध्ये करा. तोवर पुढच्या वर्षाच्या याद्या आलेल्या असतात आणि ऑफिसातली रजेची रस्सीखेच सुरू व्हायची असते. अधूनमधून एखादं राज्य एकदाच मिळणारी सुट्टीही जाहीर करतं. युद्धसमाप्तीच्या स्मरणार्थ बर्लिनने २०२० आणि २०२५ साली ८ मेला तशी दिली होती. तयार कॅलेंडरात ती पुढच्या वर्षीही चुकून राहू शकते.

काम, पगार आणि रजा

तुम्ही राहता त्या गावची सुट्टी तुम्हाला लागू नाही, कंपनीचं मुख्यालय असलेल्या गावचीही नाही. लागू होते ती तुमच्या कामाच्या ठिकाणची. वीसबाडेनला राहून माइन्त्सला नोकरी असेल तर १ नोव्हेंबरला तुम्हाला सुट्टी आणि शेजाऱ्याला काम. म्युनिकच्या कंपनीच्या हांबुर्ग शाखेत असाल तर ६ जानेवारीला म्युनिकहून कोणी फोन उचलणार नाही, पण तुम्हाला हजर राहावं लागेल.

घरून काम करणाऱ्यांचा प्रश्न जरा चिकट आहे. साधारणपणे प्रत्यक्ष काम जिथे होतं ते ठिकाण धरलं जातं, पण अनेक कंपन्या 'करारातल्या शाखेची सुट्टी' असा नियम आपल्या अंतर्गत करारात लिहून ठेवतात. अंदाज बांधू नका. एचआरला एक ओळीचा ईमेल टाका: 'मी अमुक राज्यातल्या घरून काम करतो, शाखा तमुक राज्यात आहे, मला कुठली यादी लागू?' उत्तर जपून ठेवा. एखाद्या दिवसासाठी दुसऱ्या राज्यात प्रशिक्षणाला जायचं असेल आणि तिथे सुट्टी असेल, तरीही आधीच असंच लेखी विचारा.

सुट्टीच्या दिवसाचा पगार मिळतो, तोही कायद्याने. हे अर्धवेळ काम करणाऱ्यांना, मिनीजॉबवाल्यांना (ठरावीक मर्यादेपर्यंत पगाराची छोटी नोकरी करणाऱ्यांना) आणि शिकता शिकता काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही लागू आहे. अट एकच: तो दिवस एरवी तुमच्या कामाचा असला पाहिजे. दर गुरुवारी पाच तासांची पाळी ठरलेली असेल तर हिमेलफार्टचे पाच तास भरून मिळतात. 'गुरुवारी बंद होतं, तेवढे तास शनिवारी भरून काढ' असं मालक म्हणाला तर ते चुकीचं आहे. शनिवारचे तास वेगळे आणि त्यांचे पैसेही वेगळे. आठवड्यात तुमच्या पाळ्या सोमवार आणि बुधवारच्याच असतील, तर गुरुवारच्या सुट्टीचं तुम्हाला काही मिळत नाही.

एक कलम कोणी सांगत नाही. सुट्टीच्या आदल्या किंवा नंतरच्या कामाच्या दिवशी न कळवता दांडी मारली, तर त्या सुट्टीचा पगारही जातो. आजारी असाल तर रीतसर कळवा, मग काही प्रश्न येत नाही.

रुग्णालय, हॉटेल, वाहतूक अशा ठिकाणी सुट्टीलाही काम असतं. सोमवार ते शनिवार यांत आलेल्या सुट्टीला काम केलंत तर आठ आठवड्यांच्या आत बदली विश्रांतीचा दिवस मिळाला पाहिजे. जादा भत्ता मात्र कायद्याने आपोआप मिळत नाही. तो करारात किंवा युनियनच्या वेतनकरारात लिहिलेला असावा लागतो. लिहिलेला असेल तर त्यावरचा कर बऱ्याच अंशी माफ असतो: मूळ तासाच्या दराच्या १२५ टक्क्यांपर्यंत, आणि १ मे व नाताळच्या दोन दिवसांना १५० टक्क्यांपर्यंत. मुलाखतीच्या वेळी 'फायरटाग्सत्सुशलाग' किती, हे विचारायला लाजू नका.

रजा घेतलेल्या आठवड्यात फायरटाग आली तर तो दिवस रजेतून वजा होत नाही. याच हिशोबावर जोडसुट्ट्यांचं अख्खं शास्त्र उभं आहे. गुरुवारची सुट्टी आणि शनिवार यांच्यामधला शुक्रवार म्हणजे 'ब्रुकनटाग', पुलाचा दिवस. २०२७ मध्ये ७ मेची एक रजा टाकली की चार दिवस मोकळे. ईस्टरला २२ ते २५ मार्च आणि ३० मार्च ते २ एप्रिल अशा आठ रजांत २० मार्च ते ४ एप्रिल, सलग सोळा दिवस. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान वीस दिवस रजा मिळते, प्रत्यक्षात बहुतेक करारांत जास्त असते, तेव्हा आठ रजा म्हणजे चैन नाही. पण हे गणित तुमच्या टीममधल्या प्रत्येकाला येतं. आणि शाळेत जाणारी मुलं असलेल्यांना शाळेच्या सुट्टीत प्राधान्य देण्याची पद्धत आहे. म्हणून एकट्या माणसाने ईस्टरसाठी हट्ट धरण्यापेक्षा मे महिन्यातला शुक्रवार आधी मागावा.

२४ आणि ३१ डिसेंबर हे कायद्याने साधे कामाचे दिवस आहेत. अनेक ऑफिसं ते सोडून देतात किंवा अर्धा दिवस धरतात, पण तो त्यांचा रिवाज. करारात काही नसेल तर रजा टाकावी लागते. दिवाळी-गणपतीचंही तेच, आणि त्या तारखा तुमच्या जर्मन सहकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नसतात. जानेवारीतच रजेच्या तक्त्यात टाकून मोकळे व्हा.

बंद म्हणजे किती बंद

सुट्टीच्या दिवशी सुपरमार्केट, कपड्यांची दुकानं, हार्डवेअर, सगळं बंद. अर्धं शटर नाही, मागचं दार नाही. उघडं राहतं ते मोठ्या रेल्वे स्थानकातलं आणि विमानतळावरचं दुकान, पेट्रोल पंप, काही तासांपुरती बेकरी आणि हॉटेलं. स्थानकातल्या सुपरमार्केटला त्या दिवशी रांग दारापर्यंत असते.

२०२६ चा नाताळ उदाहरणादाखल घ्या. २४ डिसेंबर गुरुवारी, दुकानं दुपारी दोनच्या सुमारास बंद. शुक्रवार २५ सुट्टी. शनिवार २६ सुट्टी. २७ रविवार, म्हणून बंद. दुकान उघडणार सोमवारी २८ ला सकाळी. गुरुवार दुपार ते सोमवार सकाळ, जवळजवळ चार दिवस. दूध, भाज्या, बाळाचे डायपर, नेहमीची औषधं आणि रिकामा होत आलेला गॅसचा छोटा सिलिंडर, या पाच गोष्टी बुधवारीच बघून घ्या. २४ च्या सकाळी जाल तर भाजीच्या खोक्यांत कोथिंबिरीची काडीसुद्धा उरलेली नसेल.

ईस्टरची चाल वेगळी आहे. शुक्रवार बंद, शनिवार उघडं, रविवार-सोमवार बंद. लोक गुरुवारी संध्याकाळी तुटून पडतात आणि शनिवारी सकाळी पुन्हा. शनिवारी दुपारी तीननंतर गर्दी थोडी उतरते.

औषधांसाठी दर रात्री आणि सुट्टीला पाळीने एखादं औषधाचं दुकान उघडं असतं. कुठलं, ते प्रत्येक औषधाच्या दुकानाच्या दारावर लावलेलं असतं. पाळीच्या दुकानात बऱ्याचदा दार बंद असतं आणि छोट्या खिडकीतून औषध मिळतं, घंटी दाबा. डॉक्टर हवा पण जिवावरचं काही नाही, तर ११६११७ या नंबरवर फोन करा. जिवावरचं असेल तर ११२. ब्रुकनटागला अनेक दवाखाने बंद असतात. त्यांच्या उत्तरयंत्रावर बदली डॉक्टरचं नाव असतं, म्हणून फोन लगेच ठेवू नका, शेवटपर्यंत ऐका. कायमची औषधं चालू असणाऱ्यांनी हिमेलफार्टच्या आदल्या सोमवारीच चिठ्ठी घ्यावी.

बालवाड्या ब्रुकनटागला बऱ्याचदा बंद ठेवतात. वर्षाच्या सुरुवातीला बंद दिवसांची यादी देतात, ती फ्रिजवर चिकटवा. शाळेच्या बाबतीत एक इशारा: विमान स्वस्त पडतं म्हणून फेरिएन लागण्याच्या दोन दिवस आधी मुलाला घेऊन निघालात, तर दंड होऊ शकतो. बायर्नमध्ये विमानतळावर पोलीस अशी मुलं तपासतातही.

बस-ट्रामच्या वेळापत्रकात सुट्टीचा दिवस रविवारच्या रकान्यात असतो. २४ आणि ३१ डिसेंबरला बऱ्याच शहरांत शनिवारचं वेळापत्रक चालतं आणि संध्याकाळी फेऱ्या कमी होतात. हिमेलफार्टच्या गुरुवारी, ज्याला इथले पुरुष फादर्स डे म्हणून साजरा करतात, गावाबाहेर जाणाऱ्या गाड्यांत बिअरचे क्रेट आणि हातगाड्या असतात. लहान मूल आणि बाबागाडी घेऊन त्या दुपारी निघायचं असेल तर सकाळची गाडी बरी.

'वेर्कटाग' नावाचा चकवा

वेर्कटाग म्हणजे रविवार आणि सुट्टी सोडून कुठलाही दिवस. म्हणजे शनिवारही. पार्किंगच्या पाटीवर 'वेर्कटाग्स ८–१८' लिहिलेलं असेल तर शनिवारीही पैसे भरायचे. या एका शब्दापायी नव्या माणसाला दंडाची पहिली चिठ्ठी मिळते.

घरभाड्यात मात्र हाच शब्द वेगळा वागतो. भाडं महिन्याच्या तिसऱ्या वेर्कटागपर्यंत द्यायचं असतं आणि इथे सर्वोच्च न्यायालयाने शनिवार मोजायचा नाही असं ठरवलंय. जानेवारी २०२७ मोजू. १ तारीख शुक्रवार, सुट्टी. २ शनिवार, मोजायचा नाही. ३ रविवार. सोमवार ४ पहिला, मंगळवार ५ दुसरा. बर्लिनमध्ये बुधवार ६ तिसरा, म्हणजे शेवटचा दिवस. म्युनिकमध्ये ६ तारखेला सुट्टी, म्हणून गुरुवार ७ शेवटचा. त्या दिवसापर्यंत बँकेला पैसे पाठवायचा आदेश दिला की पुरतं. घरमालकाच्या खात्यात ते त्याच दिवशी दिसायची गरज नाही.

बँकांची स्वतःची सुट्टी आणखी वेगळी. युरोपभरची हस्तांतरण यंत्रणा शनिवार-रविवार सोडून वर्षात सहाच दिवस बंद असते: १ जानेवारी, कारफ्रायटाग, ओस्टरमोंटाग, १ मे, २५ आणि २६ डिसेंबर. हिमेलफार्टला किंवा कामाच्या वारी आलेल्या ३ ऑक्टोबरला शाखा बंद असली तरी पैसे सरकतात. ईस्टरला मात्र गुरुवारी संध्याकाळी पाठवलेली साधी रक्कम मंगळवारच्या आत पोचेल असं समजू नका. घाई असेल तर तात्काळ हस्तांतरण निवडा.

सरकारी पत्राला उत्तर द्यायची मुदत शनिवारी, रविवारी किंवा सुट्टीला संपत असेल तर ती पुढच्या वेर्कटागपर्यंत आपोआप वाढते. सुट्टी कुठली धरायची? उत्तर जिथे पोचायचं त्या गावची. पण ही सवलत नोकरी सोडण्याच्या नोटिशीला लागू नाही. नोटीस सुट्टीच्या दिवशी पोचायला हवी असेल तर ती आधीच पोचवावी लागते, आणि पोस्ट सुट्टीला पत्र टाकत नाही. अशी नोटीस हातोहात द्या आणि पोच घ्या.

आवाज आणि कचरा

सुट्टीला घरात ड्रिल मशीन चालवायचं नाही, वस्तीत गवत कापायचं यंत्र अजिबात नाही, आणि काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत. डब्यावर वेळा लिहिलेल्या असतात. शेजारी बोलायला येणार नाहीत, चिठ्ठी लावतील. व्हॅक्यूम क्लीनरला हरकत नाही, पण जुन्या इमारतीत दुपारच्या वेळी टाळलेला बरा. कारफ्रायटाग त्यातही 'शांत दिवस' आहे. त्या दिवशी डिस्कोमध्ये नाचायलाही बंदी असते, तास राज्यागणिक वेगळे. घरी पार्टी ठेवायची तर शनिवारी ठेवा.

घर बदलायचं असेल तर साडेसात टनांवरच्या ट्रकना रविवारी आणि सुट्टीला रात्री दहापर्यंत रस्त्यावर यायला बंदी आहे. भाड्याची छोटी व्हॅन चालते, पण पेटी जिन्यावरून आदळत उतरवायची ती सोमवारीच.

कचऱ्याची गाडी सोमवारच्या सुट्टीनंतर अख्खा आठवडा एक दिवस मागे सरकते: सोमवारचा डबा मंगळवारी, शुक्रवारचा शनिवारी. नाताळच्या आठवड्यात कित्येक नगरपालिका उलट करतात आणि गाडी आधीच येऊन जाते. नेहमीच्या वारी डबा बाहेर ठेवून वाट बघत बसलात तर तो भरलेलाच परत आत येतो आणि पुढचे दोन आठवडे तसाच राहतो. आबफालकालेंडरमध्ये सरकलेल्या तारखा बहुतेक वेळा लाल रंगात असतात. तेवढ्या आदल्या रात्रीच्या गजरात घालून ठेवा.